आजीच्या ओव्या प्रोजेक्टमध्ये लिहायच्या, पण कशा?

ताई,
मी एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. गाव धुळे जिल्ह्यात, कॉलेज तालुक्याला. यंदा फील्ड प्रोजेक्टसाठी घरातलं, सणावारातलं आणि गावातलं लोकसाहित्य गोळा करायचंय. दिवाळीच्या सुट्टीत आजीजवळ बसून अखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाई देवीची गाणी आणि बऱ्याच ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. आजी अहिराणी बोलते. सरांना थोडं दाखवलं, तर म्हणाले, "अखाजीची गाणी यूट्यूबवर ढिगानं आहेत, काही वेगळं आण. आणि भाषा नीट करून लिही." आजीच्या गाण्यात तिच्या भावांची नावं येतात, एवढंच मला वेगळं दिसलं. काही ओव्या आजीनं आत्याच्या सासरच्या त्रासावर केलेल्या आहेत, त्या म्हणताना ती रडली. काका म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर नको, कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचंही लिहू नकोस. मैत्रिणी म्हणतात, एवढा जीव कशाला काढतेस, नेटवरून घे आणि बाइंड करून टाक. सबमिशन जानेवारीअखेर आहे. काय करू?
– खानदेशी लेक

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू 'एवढंच' म्हणून सोडून दिलंस. आजीच्या गाण्यात तिच्या भावांची नावं येतात. सर मागताहेत ते वेगळं हेच आहे, आणि ते तुझ्या मोबाईलमध्ये आधीच आलेलं आहे.

अखाजीची गाणी यूट्यूबवर आहेत, हे सरांचं म्हणणं खरं आहे. 'आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं' हे खानदेशात कुणाच्या कानावरून गेलेलं नाही? ढोलकी, कीबोर्ड लावून म्हटलेलं ते मलाही आवडतं. पण तिथं ते कुणा एकीचं उरत नाही. झोका कुठल्या गावच्या निंबाला बांधला होता, झोक्यावर कोण बसली होती, झोका कोण देत होतं, सासरहून कोण आली होती आणि कुणाला धाडलंच नव्हतं, यातलं काही कळत नाही. तुझ्या आजीनं मात्र ते गाणं आपल्या घरचं केलं, भावांना त्यात बसवलं. आता पुढचं विचार. कुणाचं नाव आधी घेते? वयानं थोरला म्हणून, की अखाजीला तोच न्यायला यायचा म्हणून? एखाद्या भावाचं नाव येतच नाही का? तिच्या वहिन्या म्हणायच्या तेव्हा त्या कुणाची नावं घालायच्या? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवर मिळणार नाही.

लोकगीत एकच एक पक्कं असतं आणि बाकीची त्याची बिघडलेली रूपं, अशी समजूत आपल्या शाळेनं करून दिलीय. तसं नसतं. पुण्याकडच्या भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात, तुमच्याकडे आणि विदर्भात भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडतात. गाण्यांचे विषय बरेचसे तेच: सासर, माहेर, सासूला विचारणं, कारल्याचा वेल. पण एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं की कडवी बदलतात. कुणाच्या गाण्यात दीर येतो, कुणाच्या गाण्यात नणंद. हा जो बदल आहे, तोच अभ्यासाचा विषय आहे. म्हणून यूट्यूबवरचं गाणं टाळू नकोस. ते डाव्या बाजूला लिही, आजीचं उजव्या बाजूला, आणि कुठं काय बदललं त्यावर खाली खुणा कर. हे पान सरांपुढे ठेव. वाद घालावा लागणार नाही, मार्गदर्शक म्हणून त्यांनाही हातात धरायला काहीतरी मिळेल.

विद्यार्थ्यांनी गोळा केलेलं म्हणजे नुसतं मार्कांपुरतं, असं तुझ्या मैत्रिणींना वाटतं, त्यांना आयर्लंडचं सांग. तिथं १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांना हेच काम दिलं होतं. अकरा ते चौदा वर्षांची मुलं. घरी जायचं, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहायचं: भुताच्या गोष्टी, सणांच्या रीती, झाडपाल्याची औषधं, खेळ, कोडी, पावसाचे ठोकताळे. सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० च्या आसपास मुलं त्यात होती. साधारण ७ लाख ४० हजार पानं जमली. ती आता स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि आपल्या पणजोबांनी शाळेत असताना लिहिलेलं पान तिथं कुणालाही शोधता येतं. अनेक पानांवर गोष्ट सांगणाऱ्याचं नाव आहे, वय आहे, गाव आहे. त्या पोरांना लोकसाहित्याची व्याख्या येत नव्हती. कुणी सांगितलं ते लिहायचं, हे त्यांना शिकवलं होतं.

मला तुला हेच सांगायचंय. गाणं म्हणणारीसकट लिही. म्हणणारी गळाली की गाणं उरतं, पण मग ते कुठलंही होतं.

आपल्याकडचं उदाहरण देते. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. ते मोठं काम आहे, ते नसतं तर शेकडो ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या नसत्या. पुढे सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले, तेही तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत मिळतील, जरूर बघ. पण 'स्त्री जीवन' वाचताना मला पदोपदी वाटतं, ही ओवी कुणाची? ही बाई कुठली, तिला भाऊ होता का, तिनं ही ओवी कुणापुढे म्हटली? ओव्या विषयवार लावलेल्या आहेत, पण प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव नाही. त्या काळी ती पद्धत नव्हती.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांनी ही पद्धत बदलली. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या कितीतरी नंतर बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रित केल्या. प्रत्येक ओवीला बाईचं नाव आहे, तिचं गाव आहे. हा सगळा ठेवा आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे, म्हणजे 'पारी'कडे आहे, आणि तिथली माणसं त्या गावांत परत जाऊन म्हणणाऱ्या बायांना भेटली, त्यांचे फोटो काढले, त्यांचं पुढं काय झालं ते लिहिलं. तुला नमुना हवा असेल तर तो बघ. आवाज ऐक, मग मजकूर वाच, मग बाईची माहिती वाच.

एक जुनं उदाहरणही तुझ्या कामाचं आहे. १८६८ साली मेरी फ्रिअर या इंग्रज मुलीनं दख्खनमधल्या गोष्टींचं पुस्तक छापलं. वडील मुंबईचे गव्हर्नर होते. गोष्टी सांगणारी होती तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. तिच्या आजोबांचं घराणं मूळचं लिंगायत, गोव्याकडे आल्यावर ख्रिस्ती झालेलं. गोष्टी तिला तिच्या आजीनं सांगितलेल्या. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण पुस्तकाच्या सुरुवातीला ॲनानं सांगितलेली तिची स्वतःची हकिकत दिलेली आहे. राज्यकर्त्याची मुलगी आणि घरातली नोकर हे नातं त्या पुस्तकात आहेच, ते मी विसरायला सांगत नाही. तरी दीडशे वर्षांनंतर आपण त्या आयाला नावानं ओळखतो. तुझ्या प्रोजेक्टमध्ये आजीला 'एक वृद्ध महिला' असं लिहू नकोस.

आता प्रत्यक्ष नोंद. एक गाणं, एक पान. वर गाणं. खाली म्हणणारीची माहिती, आणि ती फॉर्म भरल्यासारखी नको, वाक्यात लिही. समजा असं: "आजी, वय अंदाजे ७४. जन्मतारीख माहीत नाही, बाहत्तरच्या दुष्काळात पहिलं मूल कडेवर होतं त्यावरून वय धरलं. माहेर अमुक, सासर तमुक. शाळा दुसरीपर्यंत. हे गाणं लग्नाआधी माहेरी मोठ्या चुलतबहिणीकडून ऐकून पाठ झालं. सासरी आल्यावर थोडी वर्षं म्हटलं, मग घराजवळचा निंब तोडला आणि झोका बंद झाला. दिवाळीनंतर घरात, दुपारी, माझी आई आणि शेजारच्या काकू असताना म्हटलं. काकूंनी मध्येच एक ओळ सुचवली, आजीनं ती घेतली नाही." बघ, शेवटच्या वाक्यात केवढं आहे! काकूंना सुचली ती ओळ कुठली, आणि आजीनं ती का नाकारली? 'आमच्याकडे असं नाही म्हणत' असं ती म्हणाली असेल, तर 'आमच्याकडे' म्हणजे कुठं ते विचारायला हवं.

यात माहेर आणि सासर दोन्ही गावं लिहायचीच आहेत. विद्यार्थी 'गाव' म्हणून एकच रकाना करतात आणि त्यात सासरचं गाव टाकतात. पण मुली लग्न होऊन जातात तेव्हा गाणी त्यांच्याबरोबर जातात. आजीचं गाणं तुमच्या गावचं नसेलच कदाचित, तिच्या आईच्याही माहेरचं असेल. पुरुष सांगणारा असेल तर तो कामाला कुठं कुठं गेला ते विचार: ऊसतोडीला, सुरतेला, मुंबईला. तिकडून काय शिकून आला तेही लोकसाहित्यच आहे.

शिवाय आजीलाच अर्थ विचार. ॲलन डंडस नावाचे लोकसाहित्याचे मोठे अभ्यासक कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं घरून, मित्रांकडून गोळा केलेल्या नोंदींचा तिथं प्रचंड संग्रह झालाय. १९६६ साली त्यांनी मांडलं होतं की गाण्याचा अर्थ अभ्यासकानं परस्पर लावू नये, म्हणणाऱ्यांनाही विचारावा, आणि त्यांनी सांगितलेला अर्थ वेगळा नोंदवावा. आजी म्हणेल, "त्यात काय अर्थ, गाणं आहे." म्हणू दे. तेही लिही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना तीच काहीतरी बोलून जाईल, ते आदल्या दिवशीच्या उत्तरापेक्षा जास्त मोलाचं असेल. म्हणून वही स्वयंपाकघरातही जवळ ठेव.

भाषेचं. 'नीट करून लिही' हे सरांनी चांगल्या मनानं म्हटलं असेल. बाहेरचे परीक्षक येतील, त्यांना कळायला हवं, ही त्यांची काळजी असणार. पण अहिराणीची प्रमाण मराठी करू नकोस. 'कैरी तुटनी, खडक फुटना, झुय झुय पानी व्हाय वं' या ओळीतलं 'झुय झुय' तू 'झुळझुळ' केलंस, 'वं'चा 'गं' केलास, तर ती ओळ तुझ्या आजीची राहत नाही आणि गाताही येत नाही. पानाचे दोन भाग कर: एका बाजूला ऐकलं तसं अहिराणीत, दुसऱ्या बाजूला साध्या मराठीत अर्थ. ऐकू आलं नाही तिथं अंदाजानं शब्द भरू नकोस, जागा मोकळी सोड आणि पुन्हा आजीला ऐकव. एका गोष्टीवर लक्ष ठेव: फोन समोर धरला की पुष्कळ माणसं आपसूक पुस्तकी बोलू लागतात. आजीनं एखाद्या गाण्यात अर्ध्यातून मराठी धरली असेल तर तेही टिपून ठेव आणि दुसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवून पुन्हा म्हणायला सांग.

ओव्यांसाठी घरात जातं असेल तर ते काढ. बसून ओव्या आठवत नाहीत, हात फिरायला लागला की आठवतात. मी हे इतक्या बायकांच्या बाबतीत पाहिलंय की त्यात मला शंका राहिलेली नाही. गिरण्या आल्यावर रोजचं दळण गेलं, पहाटेच्या ओव्या गेल्या, पण लग्नात हळदीच्या वेळी जात्याची पूजा होते, दोन मुठी दळल्या जातात. तिथं काय म्हणतात ते विचार. दळताना रेकॉर्ड करशील तर जात्याची घरघर शब्द खाऊन टाकते. म्हणून एकदा दळताना घे, फोन जात्यापासून लांब, आजीच्या तोंडाच्या बाजूला, घडी घातलेल्या टॉवेलवर. मग तीच ओवी नुसती म्हणून घे. दोन्ही ठेव. फोन एअरप्लेन मोडवर टाक. सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय ते तूच मोठ्यानं सांग. रात्री झोपण्याआधी फाइल दुसरीकडे कॉपी कर. व्हॉट्सॲपनं पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आता आत्याचं.

आजीनं त्या ओव्या तुला म्हणून दाखवल्या, म्हणजे आजीची ना नाही. पण त्या ओव्या आजीच्या जितक्या, तितक्याच आत्याच्या आहेत. त्रास तिनं सोसलाय. सासर, नवरा, मुलं, सगळं तिचं आजही चालू असेल. नाव बदलून लिही, असं तुला कुणीतरी सुचवेल. तालुक्याच्या कॉलेजात त्याचा काही उपयोग नाही. ऑफिसातला क्लार्क तुमच्या शेजारच्या गावचा, परीक्षक आत्याच्या सासरकडचा असू शकतो. आजीचं नाव पहिल्या पानावर आहे म्हटल्यावर तिची लेक कोण, हे ओळखायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून आत्याला विचार, आणि आधी विचार. सगळं लिहून झाल्यावर 'हे असं असं छापलंय' म्हणून सांगायला जाऊ नकोस. आजीसमोर विचारू नकोस, दोघींपैकी एकीला संकोच होईल. 'तुझ्यावर आजीच्या ओव्या आहेत, मला त्या प्रोजेक्टमध्ये घ्यायच्या की नाहीत हे तू ठरव' असं सरळ विचार. त्या ओव्या तिनं कधी ऐकल्यात का, हे आजीकडून आधी जाणून घे. कधीकधी लेकीला ठाऊकच नसतं की आई पहाटे आपल्यावर काय म्हणत होती, आणि ते पहिल्यांदा भाचीच्या फोनवर ऐकायला लागणं जड जाईल. आत्या हो म्हणाली तर लिही, आणि ती काय म्हणाली तेही तिच्या परवानगीनं लिही. नाही म्हणाली तर विषय संपला. ती फाइल पुसून टाकायची गरज नाही, आजीची आठवण म्हणून घरात राहू दे, पण प्रोजेक्टमध्ये नाही, स्टेटसला नाही, मैत्रिणीलाही ऐकवायची नाही. तू मला पत्रासोबत त्यातली एक ओवी पाठवलीस. ती सुंदर आहे. ती मी इथं छापलेली नाही, आणि आत्यानं सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाठवूही नकोस.

आजी रडली तेव्हा तू रेकॉर्डिंग थांबवलंस की नाही, ते पत्रात नाही. पुढच्या वेळी थांबव. पाणी दे, बस जवळ. पुन्हा म्हणायचं की नाही हे तिचं ती ठरवेल.

काकांशी भांडू नकोस. कानबाईच्या बाबतीत त्यांचं म्हणणं निराधार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, हे सगळं गाव बघतं, ते लिहायला कुणाची हरकत नसावी. पण रोट घराघरांत भाऊबंदांपुरते असतात. कुणाच्या नावानं किती गहू घ्यायचे, रोट कुणी खायचे, उरलेल्याचं काय करायचं, हे प्रत्येक घराण्याचं आपलं असतं, आणि काही घरांत ते बाहेर बोलत नाहीत. काकांना विचार: काय सांगितलेलं चालेल आणि काय नाही? ते जे नाही म्हणतील तिथं प्रामाणिकपणे लिही, "रोटांची घरची रीत कुटुंबाच्या इच्छेवरून दिलेली नाही." ही नोंदही अभ्यासाचीच आहे. कुठली गोष्ट लोक कुणासमोर बोलत नाहीत, हे कळणं हा लोकसाहित्याचा मोठा भाग आहे. काकांना असं सन्मानानं विचारलंस तर ते स्वतःच दुसरं काहीतरी सांगतील, असा माझा अनुभव आहे. पुरुषांना कुणी विचारतच नाही. बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल विचार: खडी फोडायला कुठं जायचे, तिथं मिळणारी सुकडी कशी लागायची, लाल मिलो ज्वारी खाऊन काय व्हायचं. त्याच्या गोष्टी साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे असतात, आणि घराघरांत त्या ठरावीक शब्दांत सांगितल्या जातात. ते शब्द लिही.

गावातलं गोळा करताना आपल्याच गल्लीत फिरू नकोस. विद्यार्थी 'गावाचं लोकसाहित्य' असं नाव देतात आणि आत एकाच आळीतली, बहुतेक वेळा आपल्याच नात्यातली माणसं असतात. बौद्धवाड्यात, भिल्लवस्तीवर, मुस्लिम मोहल्ल्यात जा. ओळखीच्या मैत्रिणीला घेऊन जा, दिवस ठरवून जा, 'तुमच्यात काय असतं?' अशा सुरात विचारू नकोस, चहा देतील तो पी. 'पारी'वरच्या ओव्यांमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर केलेल्या ओव्या आहेत. छंद तोच, जातंही तेच, आणि त्यात नवी गोष्ट आली. लोकसाहित्य म्हणजे फक्त राम-सीता आणि पंढरी, ही कल्पना त्या ऐकल्यावर राहत नाही. जातींवरच्या आणि बायकांवरच्या वाईट म्हणीही तुला मिळतील. त्या सौम्य करून लिहू नकोस आणि गंमत म्हणूनही वर्गात वाचू नकोस. कोण म्हणतं, कुणावर म्हणतं, ज्यांच्यावर म्हणतात त्यांना ती ऐकून काय वाटतं, एवढं तिघांकडूनही लिही. जमणार नसेल तर ती म्हण सोडून दे.

हे सदर वाचणाऱ्या इतर विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. तुमची आजी ओव्या म्हणत नसेल तर संग्रह अडत नाही. विदर्भातल्यांनी पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात त्या झडत्या घ्याव्यात, 'एक नमन गौरा पारबती, हरबोला हर हर महादेव' म्हणत बैल सुटतात तिथं उभं राहून. शहरातल्यांनी चाळीतल्या गणपतीच्या आठवणी, घराण्याचा नवस, एखादी भाजी आपल्याकडे का खात नाहीत याची गोष्ट, आडनाव कुठून आलं त्याची गोष्ट, हॉस्टेलमधलं भूत, पेपरच्या दिवशीचं पेन, हे सगळं घ्यावं. हॉस्टेलच्या भुताची गोष्टही चार खोल्यांमधून चार प्रकारे ऐका आणि कुठल्या बॅचपासून ती चालू आहे ते शोधा.

मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. नेटवरून उचललेलं व्हायवात पहिल्या प्रश्नाला उघडं पडतं: "हे तुला कुणी सांगितलं?" पण त्याहीपेक्षा, आज आजी समोर आहे आणि म्हणायला तयार आहे. हे दरवर्षी मिळत नाही.

तुझ्याकडे आता सगळं मिळून पंधराएक गाणी आणि ओव्या असतील असं पत्रावरून वाटतं. संख्या वाढवायच्या मागे लागू नकोस. प्रोजेक्टला ठरावीक आकडा लागत असेल तर म्हणी आणि उखाण्यांनी तो भरून निघतो, त्याही म्हणणाऱ्याच्या नावासकट. उरलेला वेळ आहे त्याच गाण्यांवर घाल. काढायच्या प्रतींमध्ये एक जास्त काढ. ती आजीची. तिला वाचता येत नसेल तर तूच वाचून दाखव, सबमिशनच्या आधी, म्हणजे काही चुकलं असेल तर ती सांगेल आणि तुला दुरुस्त करता येईल.

जानेवारीअखेर म्हणजे फार दिवस नाहीत. या रविवारी आधी आत्याला फोन कर. तिच्या उत्तरावर बाकीची मांडणी ठरेल.

– तुझी ताई